बाग बुक केली म्हणजे नेमकं काय मिळालं?

बाग सार्वजनिक आहे, तिचा खर्च आपल्याच करातून चालतो, मग तिथे चार माणसं जमवायला परवानगी कशाला, असा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं की चार माणसांना सहसा परवानगी लागतच नाही. चटई टाकून बसा, गप्पा मारा, कोणी हटकणार नाही. चाराची पन्नास झाली, मंडप आला, स्पीकर आला, सामानाचा टेम्पो आला, की मात्र पलीकडच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या वाट्याची बाग कमी होऊ लागते. परवानगीची सगळी भानगड त्या बाकावरच्या माणसापासून सुरू होते.

शिकागो शहराच्या उद्यान विभागाचा नियम होता की ५० हून अधिक माणसं जमणार असतील किंवा ध्वनिवर्धक लावायचा असेल तर आधी परवाना घ्यायचा. गांजावरची बंदी उठवावी म्हणून मेळावे भरवणाऱ्या मंडळींनी त्याला आव्हान दिलं. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००२ साली निकाल विभागाच्या बाजूने लागला. नियमामागची जी कारणं न्यायालयाने मांडली ती कुठल्याही बागेला लागू पडावीत अशी आहेत. जागा थोडी आणि मागणारे अनेक, तेव्हा त्यांचा मेळ घालावा लागतो. बाग टिकली पाहिजे. धोकादायक आणि बेकायदा प्रकार रोखले पाहिजेत. आणि काही मोडलं तर भरपाई कोणाकडून घ्यायची हे आधी ठरलेलं असावं. अर्ज हातात आला की ही कारणं डोक्यात ठेवून वाचा. उगाच कटकट वाटणारे बरेचसे रकाने त्यांतल्याच कशासाठी तरी असतात.

बर्थ तुमचा, डबा सगळ्यांचा

बागेचं बुकिंग रेल्वेच्या आरक्षणासारखं आहे. ठरलेला बर्थ ठरलेल्या वेळेपुरता तुमचा. दरवाजा आणि येण्याजाण्याची वाट सगळ्यांची. परवान्यावर 'पूर्वेकडचं लॉन' किंवा 'छत्रीखालची बैठक' असं जागेचं नाव असतं, तेवढ्याच तुकड्यावर तुमचा अग्रहक्क. भोवतीच्या पायवाटेवर, झोपाळ्यांवर, नळावर, स्वच्छतागृहावर, पार्किंगवर नाही. खेळण्यांना लागून असलेली जागा घेतली म्हणून दुसऱ्यांच्या मुलांना घसरगुंडीवरून उठवता येत नाही. फिरायला आलेलं कोणी तुमचा कार्यक्रम बघत उभं राहिलं तर त्यालाही घालवून देता येत नाही. ज्यांना हे चालणार नाही त्यांनी सरळ हॉल घ्यावा. तिकिटं लावून, कुंपण घालून करायच्या कार्यक्रमांना काही बागांत वेगळी परवानगी मिळते, पण ती अपवादाची आणि तिच्या अटीही निराळ्या.

रस्ते आणि बागा कोणाच्याही नावावर असोत, त्या लोकांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायच्या असतात, हा विचार अमेरिकी न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्स यांनी १९३९ साली एका निकालात मांडला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हिंमतलाल शहा यांच्या अहमदाबादच्या प्रकरणात सार्वजनिक रस्त्यावरच्या सभांबद्दल अशीच मर्यादा आखून दिली: सभेचं नियमन करता येईल, पण सरसकट नाकारण्याचा मोकळा अधिकार पोलिसांच्या हाती देता येणार नाही. म्हणजे हा विश्वस्तपणा दोन्हीकडून बांधतो. तुम्हाला बाग आपली म्हणून वापरता येत नाही, आणि कार्यालयालाही ती आपली म्हणून अडवून धरता येत नाही.

शुल्काचंही तेच. गर्दी किती, वेळ किती, वीज लागणार का, यावर आकार कमीजास्त होणं समजण्यासारखं आहे. पण तुम्ही तिथे काय बोलणार आणि त्यावर कोण चिडणार, हे बघून आकार वाढवता येणार नाही, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली जॉर्जियातल्या फोर्साइथ काउंटीच्या प्रकरणात सांगितलं. तत्त्व कुठेही उपयोगी पडतं: अधिकाऱ्याच्या मर्जीवर काय सोडलंय आणि लेखी काय आहे, हे अर्जदाराने बघून ठेवावं. दरपत्रक मागायला संकोच करू नये.

आता वेळेबद्दल, कारण इथे हमखास घोळ होतो. परवान्यावर चार ते आठ लिहिलं असेल तर मंडपवाल्याने चारला आत यायचं आणि आठला बाहेर पडायचं. पाहुणे चारला बोलावले तर ते खांब उभे राहताना बघत बसतील. मांडामांड आणि आवराआवर यांचे तास बुकिंगमध्येच धरावे लागतात, आणि आवरायला वाटतो त्यापेक्षा नेहमीच जास्त वेळ लागतो, कारण तोवर मदतीचे निम्मे हात घरी गेलेले असतात.

तारीख आणि परवाना

जागा कोणाला द्यायची हे ठरवण्याच्या पद्धती ठरावीक आहेत. सर्वांत साधी म्हणजे आधी येईल त्याला. फार मागणीच्या जागांसाठी सोडत काढतात. काही ठिकाणी स्थानिक रहिवाशांना आधी संधी, मग इतरांना. खेळाच्या संघांनी अख्ख्या हंगामाचे तास आधीच घेऊन ठेवलेले असतात, त्यामुळे रिकामं दिसणारं मैदान रिकामं असेलच असं नाही. बुकिंग कोणत्या तारखेपासून उघडतं हे विचारा आणि मनात दोन-तीन पर्यायी दिवस तयार ठेवा. सुट्टीच्या दिवसाऐवजी मधला वार चालत असेल तर निम्मी लढाई तिथेच जिंकली.

तारीख राखून ठेवली म्हणजे परवाना मिळाला, असं मात्र नाही. बहुतेक कार्यालयं आधी तारीख अडवून देतात आणि पैसे, आराखडा, हमीपत्र आल्यावर परवाना देतात. पत्रिका छापायची ती त्यानंतर. शिवाय उद्यान कार्यालय देतं ती फक्त जमीन. आवाज, तात्पुरता मंच, खाद्यपदार्थांची विक्री, रस्त्यावरची वाहतूक, जनरेटर हे बहुधा पोलीस, अग्निशमन, आरोग्य अशा वेगवेगळ्या टेबलांवरचे विषय असतात आणि एका टेबलाला दुसऱ्याचं सांगायची सवय नसते. म्हणून खिडकीवर एक प्रश्न जरूर विचारावा: या परवान्यात काय काय येत नाही?

कार्यक्रम खासगी, सार्वजनिक की व्यावसायिक, हा रकानाही नीट भरा. तिकीट किंवा विक्री असेल तर व्यावसायिक, हे सगळ्यांना कळतं. पण पैसे घेऊन रोज सकाळी व्यायामाचा वर्ग चालवणं आणि गिऱ्हाइकाचे फोटो काढायला कॅमेरे, दिवे घेऊन येणं हेही बऱ्याच बागांच्या नियमांत व्यावसायिक वापरातच मोडतं. तिथे जमिनीचा तुकडा अडत नसेल, तरी सार्वजनिक जागेवर कमाई होते.

किती माणसं?

शुल्क कमी बसावं म्हणून इथे आकडा कमी लिहायचा मोह होतो. तो आवरा. याच आकड्यावरून स्वच्छतागृहं, बाहेर पडायच्या वाटा, विमा यांचा हिशेब होतो. शंभराच्या परवान्यावर तीनशे जमले आणि अपघात झाला, तर तो कागद तुमच्याच विरुद्ध उभा राहतो.

जागा पुरेल का, हे स्वतःच तपासता येतं. दहा मीटर बाय दहा मीटर म्हणजे १०० चौरस मीटर. त्यात शंभर माणसं उभी असतील तर सहज वावरता येतं. चारशे झाली की खांद्याला खांदा लागतो आणि हालचाल मंदावते. पाचशेच्या पुढे माणूस स्वतःच्या मर्जीने हलत नाही, गर्दी हलवेल तसा हलतो, आणि चेंगराचेंगरीची भीती तिथून सुरू होते. क्षेत्रफळ मोजताना मंच, झाडं, टेबलं, पायवाटा वजा करायला विसरू नका.

त्याहून महत्त्वाचं फाटक. मैदान कितीही मोठं असो, गर्दी बाहेर पडते ती फाटकाच्या रुंदीने. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांसाठी सपाट वाटेच्या दर मीटर रुंदीमागे मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं असा हिशेब धरतात. म्हणजे सव्वा मीटरच्या फाटकातून मिनिटाला साधारण शंभर, आणि तेही सगळं सुरळीत चाललं तर. हजार माणसांना दहा मिनिटं. आता बागेचं फाटक डोळ्यांसमोर आणा: दुचाकी आत येऊ नये म्हणून बसवलेले ते नागमोडी लोखंडी दांडे, ज्यातून एका वेळी एकच माणूस तिरका होऊन जातो. बाबागाडी आणि व्हीलचेअर तिथेच अडते. शेजारचं मोठं फाटक कार्यक्रमभर उघडं राहील का, त्याची किल्ली कोणाकडे आहे आणि तो माणूस त्या वेळी तिथे असेल का, हे मला आराखड्यातल्या सजावटीपेक्षा शंभरपट महत्त्वाचं वाटतं.

गवत, मुळं आणि खुंट्या

'गाडी आत आणू नये', 'खुंट्या ठोकू नयेत', 'पावसात परवाना रद्द होईल'. हे नियम वाचून लोक वैतागतात, पण अख्ख्या अर्जात सर्वांत पक्का आधार यांनाच आहे.

चांगल्या मातीचा जवळपास निम्मा भाग पोकळ असतो. त्या बारीक पोकळ्यांत हवा आणि पाणी खेळतं आणि मुळं त्यावर जगतात. कोरडी माती बऱ्यापैकी भार पेलते. ओल्या मातीचे कण मात्र एकमेकांवरून घसरतात, पोकळ्या बसतात आणि माती घट्ट होते. मग पाणी मुरत नाही, वर साचतं, मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि कार्यक्रमानंतर काही आठवड्यांनी नेमक्या त्या पट्ट्यातलं गवत पिवळं पडतं. त्यातली वाईट गोष्ट अशी की बरंचसं नुकसान पहिल्या काही फेऱ्यांतच होऊन जातं. 'एकदाच आत येतो, सामान उतरवतो आणि निघतो' ही विनंती करणाऱ्याला अगदी साधी वाटते आणि माळ्याला ती ऐकताच कपाळाला हात लावावासा वाटतो, तो यामुळेच. सामान खरंच जड असेल तर जाड फळ्या किंवा पत्रे अंथरून भार पसरवता येतो. तेवढी तयारी दाखवली तर परवानगी मिळण्याची शक्यताही वाढते.

झाडांबद्दल एक गैरसमज आहे की मुळं खोल जातात, त्यामुळे वर काही ठेवलं तरी बिघडत नाही. बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. सावली आहे म्हणून झाडाखाली गाड्या लावणं, खुर्च्यांच्या थप्प्या आणि जनरेटर ठेवणं म्हणजे नेमका तिथेच भार देणं. खोडाला खिळे ठोकणं आणि तारा आवळणं तर नकोच.

खुंटीचं कारण वेगळं. लॉनखाली पाण्याचे पाइप आणि दिव्यांच्या केबली फार खोल नसतात आणि त्या नेमक्या कुठून गेल्यात हे जुन्या बागांत खुद्द कार्यालयालाही कधी कधी माहीत नसतं. म्हणून खुंट्यांऐवजी वजनं लावायला सांगतात. तीन मीटर बाय तीन मीटरच्या, चार पायांच्या घडीच्या छत्रीला दर पायामागे १८ ते २० किलो असं प्रमाण बऱ्याच ठिकाणी धरतात. वीस लिटरचा पाण्याचा कॅन काठोकाठ भरला की वीस किलो होतो, हिशेब सोपा आहे. मात्र तो पायाशी नुसता टेकवून ठेवून काही उपयोग नाही. छताच्या कोपऱ्यापासून दोरी आणून त्याला घट्ट बांधावा लागतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, त्यामुळे मघाशी स्थिर वाटणारी छत्री एका झोतात उचलली जाते. बाजूचे पडदे लावले असतील तर ते आधी काढा. मोठ्या मंडपाला हे घरगुती प्रमाण लावू नका, तिथे मंडपवाल्याकडून भार आणि बांधणीचं लेखी घ्या.

गवतावरून न्यायालयात जाण्याइतकं भांडण झाल्याचं उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. २००४ साली रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी युद्धविरोधी संघटनांना सेंट्रल पार्कच्या ग्रेट लॉनवर सुमारे अडीच लाखांची सभा घ्यायची होती. एवढ्या गर्दीने लॉनची वाट लागेल म्हणून शहराने परवाना नाकारला, आणि गवताच्या आडून विरोध दडपला जातोय असा आरोप झाला. मला वाटतं दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. गवताला खरंच इजा होते, आणि इजेचं कारण सोयीने पुढेही करता येतं. त्यावरचा उतारा एवढाच की माणसांची मर्यादा आणि ओल्या जमिनीचा नियम कोणीही अर्ज करण्याआधी छापलेला असावा आणि नाटक, मॅरेथॉन, सभा सगळ्यांना सारखाच लागावा.

आवाज

मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून १० मीटरवर ९० डेसिबल असतील, तर २० मीटरवर ८४, ४० वर ७८, ८० वर ७२ आणि १६० मीटरवर ६६. भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. सार्वजनिक जागेत ध्वनिवर्धक लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज या मर्यादेपेक्षा १० डेसिबलपर्यंत जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल तेवढाच चालतो. निवासी भागात दिवसा म्हणजे ६५. वरचा हिशेब परत बघा. दीडशे मीटर चालून गेल्यावरही आपला 'छोटासा' स्पीकर मर्यादेच्या बाहेरच आहे, आणि गल्लीबोळातल्या बहुतेक बागा तेवढ्या लांब नसतातच. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई आहे ती वेगळीच. परवाना हातात आहे म्हणून हे नियम सुटत नाहीत.

उपाय अवघड नाही. एक मोठा स्पीकर कोपऱ्यात ठेवून त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत ढकलण्यापेक्षा चार लहान स्पीकर ऐकणाऱ्यांच्या जवळ ठेवा. तोंड घरांकडे करू नका. ढोल-बेसचा खालच्या पट्टीतला आवाज भिंतीतून आरपार जातो, तो आधी कमी करा. संध्याकाळी आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल तर जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि आवाज वर निसटून जाण्याऐवजी खाली वाकतो. म्हणून दुपारच्या चाचणीत ठीक वाटलेला आवाज सात वाजता दोन गल्ल्या पलीकडे ऐकू येतो. आवाजाची चाचणी हाही शेजाऱ्यांसाठी आवाजच, हे 'हॅलो, माइक चेक' तासभर म्हणणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवं.

पाऊस आणि वीज

परवान्यातलं रद्द होण्याचं कलम आधी वाचा. जमीन ओली असेल तर आदल्या दिवशीही नाही म्हणण्याचा हक्क कार्यालय राखून ठेवतं. मग पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते की दोन्ही नाही, हे कागदावर असलं पाहिजे.

विजेच्या बाबतीत वाट बघत बसू नये. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोचण्याइतकी जवळ आहे. कार्यक्रम थांबवायचा, लोकांना पक्क्या इमारतीत किंवा बंद गाड्यांत पाठवायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. मंडप आणि झाड हे आसरे नव्हेत. ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच ग्रेट लॉनवरची जंगी मैफल विजांमुळे मध्येच थांबवून हजारो लोकांना बाहेर पाठवावं लागलं होतं. तुमच्या कार्यक्रमात 'आता थांबा' कोण म्हणणार, हे आधीच ठरवा. यजमान स्वतः नको, त्याचा पाय निघत नाही.

दिव्यांसाठी, स्पीकरसाठी वीज घेणार असाल तर विजेची गळती ३० मिलिअँपिअर झाली की प्रवाह तोडणारा गळती-संरक्षक स्विच लावल्याशिवाय ओल्या गवतावर वायर टाकू नका. पायवाट ओलांडणाऱ्या वायरवर झाकणपट्टी हवीच.

सही कोणाची?

हमीपत्रातल्या त्या लांबलचक परिच्छेदाचा सोपा अर्थ असा: तुमच्या कार्यक्रमामुळे कोणाला इजा झाली आणि त्याने बागेच्या कार्यालयाकडे भरपाई मागितली, तर तो भार तुम्ही उचलाल. हे कबूल करणारा 'तुम्ही' कोण, ते बघा. संस्था नोंदणीकृत असेल आणि सही तिच्या वतीने असेल तर एक गोष्ट. नुसतं मित्रमंडळ असेल, तर सही करणाराच वैयक्तिक अडकतो, आणि सहसा ती सही सगळ्यांत उत्साही, सगळ्यांत भिडस्त माणसाच्या गळ्यात पडते. विमा मागितला असेल तर किती रकमेचा आणि कोणाचं नाव घालून, हे विचारून घ्या. मंडपवाला आणि आवाजवाला यांचा स्वतःचा विमा असेल तर त्याची प्रतही मागा.

कार्यक्रमाच्या दिवशी परवान्याची छापील प्रत जवळ ठेवा. तुमच्या जागेवर आधीच कोणी बसलं असेल तर ती दाखवून शांतपणे विनंती करा. नाहीच ऐकलं तर बागेच्या कर्मचाऱ्याला बोलवा, स्वतः हुज्जत घालू नका. कचऱ्याच्या पिशव्या घरून न्या, कारण बागेतले डबे रोजच्या वर्दळीपुरतेच असतात. चमकी आणि कागदी-प्लास्टिकचे बारीक तुकडे उधळू नका. गवतातून ते वेचून निघत नाहीत, आणि अनामत रक्कम कापायला तेवढं कारण पुरतं.

अनामत परत मिळवायची एक साधी रीत आहे. मांडामांड सुरू होण्याआधी लॉन, बाकं, नळ, दिव्याचे खांब यांचे फोटो काढा. आवरल्यावर त्याच जागी उभं राहून पुन्हा काढा. निघण्याआधी कर्मचाऱ्याला सोबत घेऊन जागेवर एक फेरी मारा आणि 'जागा ठीक मिळाली' अशी त्याची सही तारीख-वेळेसह परवान्याच्या मागे घ्या. कर्मचारी आठ वाजता घरी जात असेल, तर ही फेरी पावणेआठला.